बांध की पांध

अंबडच्या शाळेत मी भूगोल शिकवते. नकाशावाचन हा माझा हातखंडा. तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, हे मी पोरांकडून इतकं घोटून घेतलंय की गॅदरिंगमध्ये माझी नक्कल करणारी पोरं हवेत बोटानं रेघाच मारतात. त्या वर्षी मात्र माझ्याच वडिलांच्या दारात जाणारी वाट मला कुठल्याच नकाशात सापडत नव्हती, आणि ती सापडली नाही तर त्यांना ते घर सोडावं लागणार होतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. केदारखेड्याच्या पुढं आमचं गाव आणि गावाबाहेर शेतातच आबांचं दोन खोल्यांचं घर. आई गेली तरी ते तिथंच राहिले. शेतात कामाला असलेलं एक जोडपं शेजारच्या खोलीत राहायचं. भाकरी ती बाई करायची, आबांना आंघोळीचं पाणी तापवून द्यायचं काम तिच्या नवऱ्याचं. वयाच्या मानानं आबा ठणठणीत होते. मग पायावर सूज आली, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. जीप दारात यायची, आबा धोतर सावरत पुढच्या सीटवर बसायचे आणि वाटेत कुणाच्या कपाशीला काय झालंय ते ड्रायव्हरला ऐकवत जायचे. तोवर सगळं निभत होतं.

वाट बंद केली ती माझ्या चुलतभावानं. हे जरा नीट सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला तो लगेच दुष्ट वाटतो आणि तो तसा नाही. डांबरी रस्त्याला लागून दोन शेतं आहेत आणि त्यांच्या मागं आमचं. पुढची दोन्ही शेतं एकेकाळी दोन सख्ख्या भावांची होती, माझ्या आजोबांचं एक आणि त्याच्या आजोबांचं एक. मधल्या बांधावरून बैलगाडी जायची, नंतर ट्रॅक्टर, नंतर जीप. आमच्या वाट्याचं पुढचं शेत आबांनी माझ्या बी.एड.च्या वेळी जालन्याच्या एका व्यापाऱ्याला विकलं. शेठजींनी आपल्या हद्दीपर्यंत, म्हणजे बरोबर बांधाच्या मध्यापर्यंत, तारेचं कुंपण घातलं. चुलते होते तोवर त्यांच्या शेताच्या कडेनं जीप जायची. ते गेले आणि भावानं तिथं मोसंबी लावली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या, आणि बांध कोरत कोरत इतका बारीक केला की माणसंही एकामागं एकच चालतील.

मी भांडायला गेले तेव्हा त्यानं आधी तांब्याभर पाणी दिलं आणि आत चहा टाकायला सांगितला.

"ताई, तुमच्या बाजूचा बांध आबानं इकला," तो म्हणाला. "माझ्या बाजूचा म्या कामून द्यायचा? टँकरचं पानी घालून झाडं जगिवली. त्याच्यावरून जीप घालता का आता?"

"मग आबांना न्यायचं कसं?"

"रस्ता सरकारी असंल तर दाखवा नकाशात. आजच्या आज झाडं उपटून टाकतो. बिलकुल आवाज करनार न्हाई."

मी चहा न पिता उठले. त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं असतं तर मला एवढा राग आला नसता.

त्या बारीक बांधावर बाज मावत नव्हती, आणि पुतण्यानं अडवलेल्या वाटेनं खुर्चीत बसून जायला आबा राजी नव्हते. राहिली वाट मागच्या नाल्यातून. आबांना बाजेवर निजवायचं, चौघांनी बाज उचलायची, नाल्यातल्या दगडगोट्यांतून आणि पुढं दुसऱ्याच्या कपाशीतून डांबरीपर्यंत जायचं. काळी जमीन, पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. बाज उचलायला माणसं आठवड्यातून दोनदा कुठून आणायची? पहिल्या महिन्यात न बोलावता यायची, नंतर फोन उचलेनाशी झाली. त्यांचंही खरंच होतं, ज्याला त्याला आपली कामं असतात. पहिल्यांदा बाज उचलली तेव्हा आबांनी तोंडावर पंचा ओढून घेतला. मी तो बाजूला करायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. मेल्यावर नेत्यात तसं नेऊन राह्यले, उघड्या तोंडानं काय जायचं."

माझं घर जालन्यात, तिसऱ्या मजल्यावर. नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, त्यांना इकडंच आणू. आबांना विचारलं की ते एकच बोलायचे, "म्या हितून उठलो की परत येत नसतो." शेत कुणी खाऊन टाकेल ही भीती त्यात नव्हती. ते माणूसच तसं होतं, बाभळीखाली बाज टाकून पडलं की आपल्या जागी असायचं. दवाखान्यात मशीनला जोडलेले असताना त्यांचे डोळे सारखे दाराकडं असायचे. त्यांना परत जायला वाट हवी होती, आणि ती मला आणून द्यायची होती. मी दुसरं काय करणार होते?

तहसीलमध्ये साहेब नीट बोलले. वहिवाट अडवल्याचा दावा मुदतीत करायला हवा होता, ती मुदत आबांनी पुतण्याला समजावण्यात घालवली होती. आता नकाशात रस्ता दाखवा, मग बघू. भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढली, तर त्यात त्या दोन शेतांमध्ये नुसती एक रेघ. मूळ जुना नकाशा त्या घडीवरच फाटलेला होता आणि नक्कल त्याच्यावरून केलेली. त्याच्याही आधीचा, निजामाच्या वेळचा नकाशा असेल का, तर बाबू म्हणाला, "हैदराबादला असंल मॅडम, न्हाई तर मंग कुठंच नसंल."

शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं की औरंगाबादच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशांचा वेगळा विभाग आहे, जुन्या संस्थानी नकाशांसकट. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. सुटल्या सुटल्या अंबडहून बस धरायची, दुपारी विद्यापीठात पोचायचं, विभाग बंद होईपर्यंत बसायचं. आठवड्यात तेवढाच वेळ माझा होता. बाकीच्या रजा आबांच्या डायलिसिसमध्ये संपल्या होत्या आणि मुख्याध्यापक माझा अर्ज आला की चष्मा काढून पुसायला घ्यायचे.

नकाशा विभाग म्हणजे ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची एक लांब खोली. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, त्यांना रुंद, चपटे खण. तिथल्या मॅडम माझ्याच वयाच्या. पेन बाहेर ठेवायचा, पेन्सिल चालेल. पाण्याची बाटली बाहेर. हात धुवून, कोरडे करून यायचे. मी "जालना जिल्हा, जुने नकाशे" असं चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी नोंदी चाळल्या आणि जुनं काही नाही म्हणाल्या. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या वेळी बसमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला की निजामाच्या काळात जालना जिल्हाच नव्हता. पाचवीच्या पोराला विचारते मी हे, जिल्हा कधी झाला, कुठल्या जिल्ह्यातून वेगळा झाला. दोन शनिवार मी असं काहीतरी मागत बसले होते जे अस्तित्वातच नव्हतं.

औरंगाबाद जिल्हा म्हटल्यावर खण उघडले. आधी सूचक नकाशा, म्हणजे सगळ्या प्रदेशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला क्रमांक दिलेला. मी चौकोन चुकवला आणि समोर आला धावड्याकडचा डोंगर, एकात एक अडकलेल्या तपकिरी रेषा, इतक्या सुबक की एरवी मी तासभर बघत बसले असते. मग आमचा चौकोन. पूर्णा होती, केदारखेडा होतं, आमचं गाव चार काळ्या ठिपक्यांचं होतं. शेताची वाट त्यात कुठून दिसणार? ते प्रमाण तालुक्याचं होतं, बांधाचं नव्हतं. मला हे माहीत होतं. तरी मी भिंग लावून त्या चार ठिपक्यांभोवती वाट शोधत राहिले. आशेनं माणूस किती मठ्ठ होतं ते मला त्या खोलीत कळलं.

"शेतं दिसायला गाववार नकाशा लागेल," मॅडम म्हणाल्या. एका जुन्या जहागिरीच्या घराण्यानं दिलेले गठ्ठे होते, पण त्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. गावांची नावं इंग्रजी अक्षरांत, ज्यानं जशी ऐकली तशी. त्यात आमच्या गावाचं खुर्द वेगळं आणि बुद्रुक वेगळं. आम्ही बुद्रुक. बुद्रुक कुठंच नाही. खुर्दचा नकाशा मात्र अगदी नीट, टवटवीत, जणू मला चिडवायलाच जपून ठेवलेला. पुढचे दोन शनिवार त्यात गेले. तेवढ्यात आबांना एकदा नाल्यातच धाप लागली. बाज चिखलात खाली ठेवावी लागली आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून नुसती बसून राहिले. तो हात काढायची मला भीती वाटत होती.

त्या रात्री मी आबांजवळ सहज रडगाणं गायले की बुद्रुक सापडत नाही. ते पडल्या पडल्या म्हणाले, "बुद्रुक कसं सापडंल? तव्हा कागदात कलां लिव्हायचे." आबा पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन-तीन वर्षं उर्दू शाळेत गेलेले. लहानपणी चुलीतल्या कोळशानं भिंतीवर ते मला उर्दू आकडे काढून दाखवायचे आणि आई पोतेरं घेऊन मागं उभी असायची. मला अक्षरं कधी आली नाहीत, आकडे तेवढे राहिले.

कलां म्हणून मागितल्यावर गठ्ठ्यातून कापडावर चिकटवलेला एक नकाशा निघाला. मॅडमनी चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. सगळी अक्षरं उर्दू. मला एक शब्द वाचता येईना, पण नाल्याचं वळण मी ओळखलं. आमच्या शेताला कोपर मारून तो पूर्णेकडं वळतो, तो कोपरा मी झोपेतही काढीन. मग आकडे जुळवले. आमचा नंबर मिळाला, पुढची दोन शेतं मिळाली, आणि त्या दोन शेतांच्या मधोमध, रेघेच्या कडेला, एक शब्द लिहिलेला होता. दुसऱ्या कुठल्याही हद्दीवर शब्द नव्हता. मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. मॅडमनी विचारलं, "सापडलं का?" मी म्हटलं, "काहीतरी आहे." अर्ज करून त्या शब्दाचे मोबाइलवर फोटो काढले. परतीच्या बसमध्ये मी तो फोटो इतक्या वेळा मोठा करून पाहिला की बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आबांनी मोबाइल डोळ्यापासून लांब धरला, जवळ धरला, माझ्याकडं पाहिलं, परत मोबाइलकडं पाहिलं.

"पांध," ते म्हणाले.

आमच्याकडं पांदणीला, म्हणजे दोन शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला, पांध म्हणतात. मी त्यांना तीनतीनदा विचारलं. ते म्हणाले, "बराबर पांधच हाय. पे, अलिफ, नून. दिसून राह्यलं ना मला." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. शेजारच्या बाईनं शिरा केला. डायलिसिसवाल्याला काय चालतं नि काय नाही याचा त्या दिवशी कुणी विचार केला नाही.

तहसीलमधला आमचा अर्ज चालवणारे वकील म्हणाले, वडिलांचं वाचन चालणार नाही, उर्दूच्या जाणकाराकडून लेखी आणा. जालन्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेले. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि कागद पुढं ओढून मला समजावलं. बे आणि पे ही अक्षरं एकाच घाटाची. खाली एक नुक्ता असेल तर बे, तीन असतील तर पे. त्या दोन ठिपक्यांवर शब्द फिरतो. बे असेल तर बांध, पे असेल तर पांध.

"और यहाँ धब्बा है, बेटी," ते म्हणाले. "एक भी हो सकता है, तीन मिल के भी. फोटो पे से मैं लिख के नहीं दे सकता. असल नक्शा देखना पड़ेगा."

मी घरी येऊन स्वयंपाकघरात भांडी आपटली. एवढी गावं, एवढे खण, एवढ्या बसफेऱ्या, आणि सगळं येऊन अडलं कुठं तर दोन ठिपक्यांवर. भावाचं शेत, शेठजींचं कुंपण, आबांचं उरलेलं आयुष्य, सगळं त्या धब्ब्याखाली.

यावरचा उपाय आबांनीच सांगितला. लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा. त्याच माणसानं त्याच नकाशावर दुसरीकडं पे कसा लिहिलाय ते बघायचं. कुणी तीन नुक्ते सुटे देतं, कुणी घाईत जोडून टाकतं. त्यांनी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागं दोन शब्द मोठ्या अक्षरांत काढून दिले. एक 'पीपल', गावच्या तळ्याकाठी मोठा पिंपळ होता, नकाशात असणारच. दुसरा 'आबादी', म्हणजे गावठाण. पिंपळात पे, आबादीत बे. "हे दोन सापडले की आपला शब्द त्याच्या शेजारी धर," ते म्हणाले आणि पान माझ्या हातात देताना जरा थांबले. तेव्हा ते थांबणं मला दमल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी विभागाला कुलूप. मॅडम रजेवर, त्यांच्या घरी लग्न. त्याच्या पुढच्या शनिवारी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी. मी त्या बंद दारासमोरच्या बाकावर बसून राहिले, जणू बसून राहिलं की उघडेल. तहसीलमधल्या सुनावणीची तारीख जवळ येत होती. आबांचं वजन घटत होतं, श्वास दोन वाक्यांत तुटायचा. डॉक्टर आता आठवड्यातून तीनदा म्हणत होते. बाजेला चौथा माणूस मिळाला नाही म्हणून एकदा मी स्वतः खांदा दिला आणि नाल्यात माझा पाय घसरला. बाज कलंडली. आबा पडले नाहीत, पण त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

मग उघडलं ते दार. मॅडमनी स्वतःहून मोठं भिंग काढून दिलं आणि टेबलावरचा दिवा ओढून घेतला. मी कॅलेंडरचं पान शेजारी ठेवलं. तळं सापडलं. तळ्याच्या काठी शब्द. भिंगाखाली पिंपळाचे दोन्ही पे स्वच्छ दिसले. त्या लिहिणाऱ्यानं तीन नुक्ते सुटे दिलेच नव्हते, तीन फाट्यांचा एक छोटासा आकडा काढला होता, कावळ्याच्या पायासारखा. दोन्ही ठिकाणी तसाच. मग गावठाण. आबादीतला बे. त्याखाली एकच ठिपका, बोरूचं टोक दाबून दिलेला, गोल, मोहरीएवढा.

मग मी भिंग आमच्या शब्दावर आणलं.

फोटोत धब्बा दिसत होता ती कापडाची सुरकुती होती. तिच्या कडेला ठिपका होता. एक. दाबून दिलेला, गोल.

मी भिंग उचललं आणि परत ठेवलं. दिवा बाजूला करून पाहिलं, खिडकीच्या उजेडात पाहिलं. मॅडमना पाहायला सांगितलं. त्यांनाही उर्दू येत नव्हतं, पण ठिपके मोजायला उर्दू कशाला लागतं? त्या म्हणाल्या, "या दुसऱ्यासारखंच दिसतंय." म्हणजे आबादीतल्या ठिपक्यासारखं. मग त्यांनी विचारलं की प्रमाणित प्रत हवी का. मी नको म्हटलं. वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, "मग मूळ नकाशा कशाला दाखवता? पुसट फोटो आहे तेच बरं. उर्दूवाला दुसरा बघू." मी फोन ठेवला. दुसरा बघायचा विचार माझ्या मनात बस जालन्यात शिरेपर्यंत होता, खोटं कशाला सांगू.

रविवारी शेतात गेले. आबा बाभळीखाली बाजेवर. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "घावला का पे?"

"घावला," मी म्हटलं.

"तीन नुक्ते?"

"कावळ्याच्या पायासारखे. अगदी स्पष्ट."

त्यांनी वर फांद्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुला लहानपनापून खोटं बोलता येत न्हाई. बे हाय ना?"

मी मान हलवली.

"मला म्हाईत व्हतं. पयल्याच दिशी दिसलं मला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग राग आला, आणि तो असा आला की म्हाताऱ्या, आजारी माणसाशी बोलतोय याचं भान सुटलं. "मग पांध कामून म्हणालात? मी तिकडं दारं ठोठावत बसले. तुम्हाला नाल्यातून ओढत नेलं तेवढे दिवस. आधीच सांगितलं असतं तर..."

"तुझं तोंड बघवत नव्हतं माय," आबा म्हणाले. "मोबाइल हातात देऊन उभी राह्यलीस. म्या कसा म्हनू बांध हाय म्हनून?"

मग त्यांनी सांगितलं ते मी आधी विचारायला हवं होतं, पण मी नकाशे शोधत होते, माणसाला विचारायचं राहून गेलं. ती पांध कधी नव्हतीच. ते दोघे भाऊ वेगळे निघाले तेव्हा मध्ये बांध घातला, आणि मग दोघांनीही आपापल्या बाजूची एकेक औताच्या रुंदीची पट्टी न नांगरता सोडली आणि बांध गाडी जाईल एवढा रुंद ठेवला. मोजणीवाला आला तेव्हा त्यानं विचारलं, हे काय, रस्ता का? आजोबा म्हणाले, रस्ता कशाचा, आमचा बांध आहे. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. "घरातल्या घरात रस्ता कोन लिव्हून घेतं?" आबा म्हणाले.

मी तिथं जमिनीवर बसले होते. नकाशा खोटा नव्हता, भाऊ खोटा नव्हता, आणि ज्या वाटेवरून मी नांदायला गेले, ज्या वाटेवरून आई गेली, ती कुठंच लिहिलेली नव्हती. एवढं करून माझ्या हातात काही उरलं नाही. मी रडले. आबांनी रडू दिलं.

"चल मंग," थोड्या वेळानं ते म्हणाले. "ने मला जालन्याला."

बाज नको म्हणाले, नालाही नको. घरातली प्लास्टिकची खुर्ची काढायला लावली. "बांधावरून चला," ते म्हणाले. "सरकारी नकाशात बांध हाय. बांधावरून जायाला कोनी आडवत न्हाई." बांध बारीक, म्हणून एक माणूस पुढं, एक मागं, मध्ये खुर्चीत आबा. मी पिशवी घेऊन मागून. एका बाजूला शेठजींची तार, दुसऱ्या बाजूला मोसंबी. पंचा त्यांनी खांद्यावर ठेवला होता, तोंड उघडं होतं.

भाऊ झाडांत उभा होता. खुर्ची जवळ आली तसा तो पुढं झाला आणि पायात येणारी ठिबकची नळी त्यानं उचलून धरली. आबांनी खुर्ची थांबवली.

"ह्या कडंच्या झाडाला पानी जास्त होऊन राह्यलं," ते म्हणाले. "डिंक सुटंल. कमी कर."

"हाव आबा," तो म्हणाला. नळी धरून तो तसाच उभा होता. त्याला आणखी काही बोलायचं असावं, पण आबांनी पुढं चला अशी खूण केली.

जीपमध्ये ते पुढच्या सीटवर बसले. केदारखेडा मागं पडल्यावर त्यांनी मोबाइल मागितला आणि तो फोटो उघडायला लावला. शब्दाच्या खाली बोट टेकवून म्हणाले, "दोनच नुक्ते कमी पडले बघ." मग मोबाइल परत दिला. कपाशीबद्दल ते ड्रायव्हरशी एक शब्द बोलले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर त्यांना खुर्चीतच चढवलं. त्यांची बाज मागून टेम्पोनं आली, ती मी मागच्या खोलीत टाकली, दाराकडं डोकं येईल अशी. आबांनी आजूबाजूला पाहिलं. तिथं एक खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

"आपलं शेत कोन्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीच्या भिंतीकडं हात केला. उत्तरेला.

"मंग डोकं तिकडं कर."

मी म्हटलं, आबा, तिकडं नको. उत्तरेला डोकं करून जित्या माणसाला निजवत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलेलं. नकाशात उत्तर वर असते, हे मी पोरांना शिकवते. ते खुर्चीतच बसून राहिले, बाज फिरेपर्यंत झोपणार नाहीत असे. संध्याकाळपर्यंत मी ऐकलं नाही. मग नवऱ्याला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी मिळून बाज फिरवली.